हायब्रिड मोटारीच्या अंतर्भागातील दोष

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारीत अंतर्भागाचे दोष अधिक जाणवतात. ते संख्येने अधिक असतात असे नव्हे, तर कमी वेगात इंजिन बंद होऊन गाडी विजेवर धावू लागली की एरवी इंजिनाच्या आवाजात बुडून जाणारी डॅशबोर्डची खडखड स्पष्ट ऐकू येते. प्लास्टिकचे भाग धरून ठेवणारी क्लिप सैल होणे हे तिचे नेहमीचे कारण असून, घासणाऱ्या भागांमध्ये फेल्टची पट्टी बसवल्यास ती सहसा थांबते.

मुळशी तालुक्यात, विशेषतः ताम्हिणी घाटाच्या बाजूला, पावसाळी ओलावा ही याहून गंभीर अडचण आहे, कारण दाराची रबरी पट्टी गळकी असल्यास मॅटखालचा थर भिजून त्याला बुरशी लागते. अनेक हायब्रिड गाड्यांत उच्च दाबाची बॅटरी मागच्या आसनाखाली किंवा त्यामागे असते आणि तिला थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच एका जाळीवाटे ओढली जाते. म्हणून हौसेने घातलेल्या सीट कव्हरने ती जाळी झाकणे म्हणजे बॅटरी तापू देणे होय. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असल्याने तेथील आसन उघडण्याचे काम प्रशिक्षित कारागिरावरच सोपवावे.

वॉरंटीच्या काळात दोष दूर न झाल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी प्रत्येक दुरुस्तीचे जॉबकार्ड जपून ठेवावे.