वीस अंशांची खोली

लेझर चालू होता, यंत्र चालू होतं, पण काम सुरू व्हायचं नाव नव्हतं. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात बाहेर अडतीस अंशांचं ऊन आणि काचेच्या खोलीत वीस अंश. मिरजेकडचा तरुण कॅलिब्रेशन इंजिनिअर काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलाशेजारी हाताची घडी घालून उभा होता. मोटारीच्या सुट्या भागांची मापं घेणारं अवाढव्य सीएमएम (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन) तो तपासायला आला होता. माप घेणाऱ्या यंत्राचं माप कसं घेतात, हे बघायला मी त्याच्यामागे गेलो होतो. आधी दिसलं ते त्याचं थांबणं.

"सर, पोलाद एका अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं," तो म्हणाला. म्हणजे बाहेरच्या उन्हातून आत आणलेला मीटरभराचा दांडा दोनशे मायक्रॉनहून जास्त लांब असतो, आणि यंत्राकडून अपेक्षा असते ती दोन-चार मायक्रॉनच्या अचूकतेची. म्हणून लेझरचे आरसे आणि क्लॅम्प आदल्या संध्याकाळीच खोलीत आणून ठेवले होते. माणसाच्या अंगातूनही शंभरेक वॅट उष्णता बाहेर पडते. त्याने मला दाराशीच उभं केलं.

मग त्याने ग्रॅनाइट पुसला. दवाखान्यात सुईआधी येतो तसा स्पिरिटचा गार वास खोलीभर पसरला.

हेलियम-निऑन लेझरचा लाल किरण दुभागतो. एक भाग जागच्या आरशावरून परततो, दुसरा यंत्राच्या सरकत्या भुजेवरच्या आरशावरून. दोन्ही मिसळले की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. भुजा 316 नॅनोमीटर सरकली की एक पट्टा पुढे जातो. पट्टे मोजून लेझर जे अंतर सांगतो आणि यंत्राची पट्टी जे सांगते, त्यातला फरक म्हणजे यंत्राची चूक. तीन अक्षांच्या यंत्रात अशा 21 चुका शोधायच्या: प्रत्येक अक्षाच्या सहा आणि अक्षांमधल्या काटकोनांच्या तीन. किरण तिरका पडला तर अंतर कमी भरतं, म्हणून तो तरुण ट्रायपॉडचा स्क्रू जरासा फिरवायचा, भुजा टोकापर्यंत नेऊन आणायचा आणि पुन्हा स्क्रूला हात घालायचा. इतका संयम मी फार कमी हातांत पाहिला आहे.

एका अक्षाचा आलेख टोकाशी वाकला. यंत्राला हात न लावता त्याने वर पाहिलं. एसीची जाळी नेमकी त्या टोकावर वारा सोडत होती. हवा एका अंशाने बदलली तरी किरणाच्या तरंगलांबीत दहा लाखांत एक भागाचा फरक पडतो. शिवाय पट्टीही आक्रसते. जाळी वळवली आणि तो परत थांबला. दारातून मॅनेजरनी विचारलं, "तंबी, मुडिंजदा?" झालं का? त्यांना संध्याकाळपर्यंत तपासणी झाल्याचं स्टिकर हवं होतं. "इन्नुम इल्लै, सार," तो शांतपणे म्हणाला. अजून नाही.

याच चेन्नईत, सेंट थॉमस माउंटजवळ, 1802 च्या एप्रिलमध्ये सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा मोजायला घेतली. भारताच्या महासर्वेक्षणाची ती सुरुवात. साखळीशेजारी थर्मामीटर. पोलादाचं वाढणं त्यालाही हिशेबात धरावं लागलंच होतं. आज साखळीच्या जागी प्रकाश आहे: निर्वात पोकळीत तो सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढं जातो तो एक मीटर, ही व्याख्या 1983 ची. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेला तो मीटर तपासणीच्या एकेका पायरीने या तरुणाच्या लेझरपर्यंत उतरतो, आणि लेझरपासून ब्रेक-स्टिअरिंगच्या भागांपर्यंत.

साडेअकरा मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून घाई करणाऱ्यांना ते सोडून द्यावेसे वाटतात. चाकण, सातपूर, शिरोलीच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: असा माणूस तुमच्याकडे आला तर त्याला आदल्या रात्रीपासून खोली द्या, आणि स्टिकर मागण्याआधी आलेख मागा.