नवा चालक आणि मोटार विम्याचा हप्ता

अठरा वर्षे पूर्ण झालेला एक तरुण वाहन चालविण्याचा पक्का परवाना मिळवितो आणि त्याच आठवड्यात नवी मोटार विकत घेतो. त्याच शहरात, त्याच दिवशी, तीस वर्षे विनाअपघात मोटार चालविणारे एक गृहस्थ त्याच बनावटीची मोटार खरेदी करतात. कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्यासाठी भारतात या दोघांना सारखीच रक्कम भरावी लागते. एका रुपयाचाही फरक पडत नाही. हेच दोघे ब्रिटनमध्ये असते, तर तरुणाचा हप्ता गृहस्थांच्या हप्त्याहून खूपच अधिक आला असता. हा फरक का पडतो आणि नवशिक्या चालकाच्या जोखमीची किंमत आपल्याकडे अखेर कोण मोजतो, हा विमा अर्थशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

हप्त्याचे दोन भाग

मोटार विम्याचे दोन घटक असतात. पहिला तृतीय पक्ष विमा. आपल्या वाहनामुळे इतरांना झालेला मृत्यू, इजा किंवा मालमत्तेची हानी यांची भरपाई त्यातून होते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. त्याचे दर बाजार ठरवीत नाही. ते शासकीय अधिसूचनेने ठरतात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार खाजगी मोटारीसाठी वार्षिक मूळ हप्ता 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यापुढे 7,897 रुपये असा ठरविण्यात आला. या वर्गवारीत इंजिनाची क्षमता आहे, चालकाचा उल्लेख कोठेही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. 2022 च्या दरपत्रकात मधल्या गटासाठी ही एकरकमी रक्कम 10,640 रुपये होती. म्हणजे नव्या चालकाची पहिली, सर्वाधिक जोखमीची वर्षे एकाच सरासरी दरात आधीच बांधली जातात.

दुसरा घटक स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. व्यवहारात त्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. तो ऐच्छिक आहे. त्याचे दर 1 जानेवारी 2007 पासून दरपत्रकाच्या बंधनातून मुक्त झाले. तोवर वाहनाचे घोषित मूल्य, वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे क्षेत्र यांवर दर ठरत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही शहरे ‘अ’ क्षेत्रात होती आणि उर्वरित देश ‘ब’ क्षेत्रात. दरमुक्तीनंतर कंपन्यांनी सवलतींची स्पर्धा जोरात केली. परंतु वाहनाकडे पाहून दर ठरविण्याची मूळ सवय मात्र फारशी सुटली नाही.

माहितीची विषमता

चालक किती सावध आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते, विमा कंपनीला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या विषमतेचे परिणाम मांडले. 2001 मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऐच्छिक विम्यात सर्वांना सरासरी दर लावला, तर सावध माणसाला तो महाग वाटतो आणि बेफिकिराला स्वस्त. सावध ग्राहक बाहेर पडू लागले की सरासरी जोखीम वाढते, दर चढतो आणि आणखी काही जण बाहेर पडतात. हीच ‘प्रतिकूल निवड’. विमा सक्तीचा असला की बाहेर पडण्याची वाट बंद होते, म्हणून तृतीय पक्ष विम्यात सरासरी दर टिकू शकतो. मात्र त्याचा अर्थ असा, की अनुभवी चालक नवशिक्याच्या हप्त्याचा काही भाग स्वतः भरत असतो.

नवशिक्या चालकाबाबत ही विषमता एका वेगळ्या रूपात दिसते. त्याच्या चालविण्याचा काहीच इतिहास नसतो; आपण कसे चालक आहोत हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसते. अशा वेळी कंपनी वय आणि अनुभव या गटाच्या ओळखीवर दर ठरविते. ब्रिटनमधील दर याच तत्त्वावर चढतात. तेथे पूर्वी तरुणींना तरुणांपेक्षा कमी दर लावला जाई, कारण त्यांचे अपघात कमी होते. युरोपीय न्यायालयाने 1 मार्च 2011 रोजी दिलेल्या निकालामुळे 21 डिसेंबर 2012 पासून नव्या करारांत लिंगानुसार दरभेद करण्यास मनाई झाली. वयानुसार भेद मात्र चालू राहिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1988 मध्ये मतदारांच्या कौलाने निराळी वाट धरली. चालकाची अपघात व नियमभंगांची नोंद, वर्षभरात कापलेले अंतर आणि चालविण्याच्या अनुभवाची वर्षे यांना तेथे दरनिश्चितीत अग्रक्रम मिळाला. माणसाच्या हाती असलेल्या गोष्टींना अधिक वजन देणारा हा मार्ग अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

बोनस कोणाच्या नावावर?

आपल्याकडे चालकाच्या वागणुकीशी जोडलेली जुनी तरतूद म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. दावा न केल्यास ओन डॅमेज हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, पुढे 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के सूट मिळते. हा हप्ता 10,000 रुपये मानला, तर नव्या मालकाला तो पूर्ण भरावा लागेल आणि पाच दावारहित वर्षांनंतर 5,000 रुपये भरावे लागतील. वरवर पाहता नवशिक्याला अधिक दर लावण्याचाच हा सौम्य प्रकार आहे.

परंतु येथे एक गफलत आहे. बोनस मालकाचा असतो, चालकाचा नव्हे. वडिलांच्या मोटारीवर मुलगा हात बसवितो. त्याने मोटार ठोकली तर वडिलांचा बोनस जातो. दहा वर्षे त्याने ती निर्दोष चालविली, तरी स्वतःची मोटार घेताना तो शून्यापासूनच सुरुवात करतो. शिवाय दावा न करणे म्हणजे अपघात न होणे नव्हे. बोनस वाचविण्यासाठी दाराचा पोचा खिशातून पैसे देऊन काढून घेणारे मालक कोणत्याही गॅरेजमध्ये भेटतात! तृतीय पक्ष हप्त्यावर तर हा बोनस लागूच होत नाही.

नुकसान सोसणारा तिसरा

मग तृतीय पक्ष विम्यातही नव्या चालकाला चढा दर लावावा काय? केवळ कार्यक्षमतेचा विचार केला तर उत्तर होकारार्थी येईल. भारतीय परिस्थितीत ते घातक ठरेल. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली. सक्ती असूनही असंख्य वाहने विम्याशिवाय रस्त्यावर धावतात. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपये दंडाची तरतूद असूनही धाक पुरेसा नाही. हप्ता दुप्पट झाला तर विमा टाळणाऱ्यांत तरुणांचीच भर पडेल आणि त्याची झळ धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाला पोहोचेल. वाहनाला विमा नसेल तर भरपाईचा निवाडा कागदावर मिळतो. तो वसूल करायचा कोणाकडून?

न्यायालयांचा कलही याच दिशेने राहिला आहे. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ परवाना हाही वैध परवाना मानला. परवान्याच्या अटींचा भंग झाला असला तरी कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, हे तत्त्वही त्या निकालाने दृढ केले. नवशिक्याच्या चुकीची जोखीम समाजाने विम्यामार्फत वाटून घ्यावी, हाच त्यामागील विचार.

त्यामुळे जोखमीनुसार दर लावण्यास योग्य जागा उरते ती ऐच्छिक ओन डॅमेज विम्याची. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये, प्रत्यक्ष वापरानुसार आणि चालविण्याच्या पद्धतीनुसार हप्ता आकारणाऱ्या पूरक योजनांना परवानगी दिली. वाहनातील उपकरण किंवा मोबाईल फोन यांद्वारे कापलेले अंतर, वेग आणि ब्रेक दाबण्याची रीत नोंदता येते. ज्याच्या नावावर कोणताही इतिहास नाही अशा नव्या चालकाला काही महिन्यांतच आपला इतिहास निर्माण करण्याची संधी त्यातून मिळू शकते. मात्र नोंद वाहनाशी जोडली जाते. एका मोटारीवर वडील, मुलगी आणि पगारी चालक असे तिघे हात फिरवीत असतील, तर ब्रेक कोणी दाबला हे उपकरणाला आपोआप कळत नाही. नोंद परवानाधारकाच्या नावावर जमा होऊन एका कंपनीकडून दुसरीकडे नेता आली, तरच वडिलांच्या मोटारीवर काढलेली वर्षे मुलीच्या पहिल्या हप्त्यात मोजली जातील.