रुग्णालये व देवालयांच्या परिसरातील आंदोलने : नियम नेमके काय सांगतात?

काही महिन्यांपूर्वी आमच्या चिकित्सालयात अनिद्रेच्या एका रुग्णावर शिरोधारा चालू असताना रस्त्यावरून मोर्चा गेला. ध्वनिक्षेपकाची गाडी नेमकी खिडकीखाली थांबली, रुग्ण दचकून उठला आणि त्या दिवशीची क्रिया अर्धवट सोडावी लागली. शेजारी प्रसूतिगृह, समोर देवालय. "येथे शंभर मीटरच्या आत मोर्चास बंदी आहे ना?" असे शेजारच्या औषध विक्रेत्यांनी विचारले. आमचाही समज तोच होता. नियम वाचल्यावर मात्र तो अपुरा असल्याचे ध्यानात आले. सभासदांच्या माहितीसाठी हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शंभर मीटरची मर्यादा कशाची?

ही मर्यादा ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मधील आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवती किमान 100 मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' म्हणून घोषित करता येतो. नियमांच्या अनुसूचीतील टिपेत धार्मिक स्थळांचाही उल्लेख आहे. अशा क्षेत्रात दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल ही मर्यादा असून ध्वनिक्षेपक, ढोल, कर्णे व आवाजाचे फटाके यांस मनाई आहे. मात्र 2017 च्या दुरुस्तीनुसार राज्य शासनाने अधिसूचित केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे केवळ फलक लावल्याने हे संरक्षण मिळत नाही. शिवाय हा नियम आवाजाचा आहे, आंदोलनाचा नाही. फलक हाती घेऊन मूकपणे उभे राहणाऱ्यांस तो अडवीत नाही.

जमावाचे नियमन

शांततेने व निःशस्त्र एकत्र येण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने नागरिकांस दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आपल्या राज्यात हे काम मुख्यतः महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 अन्वये चालते. कलम 33 खाली मिरवणुका व सभांविषयी नियम करता येतात, तर कलम 37(3) खाली जमावबंदी लागू होते. शासनाच्या मंजुरीविना ती 15 दिवसांहून अधिक राहत नाही. पूर्वीच्या कलम 144 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आले आहे.

याच 1951 च्या अधिनियमाखालील अहमदाबाद येथील एक नियम सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा प्रकरणी 1972 मध्ये रद्द ठरविला. रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, परंतु परवानगी देण्या-नाकारण्याचा निरंकुश अधिकार अधिकाऱ्यास देता येत नाही, असा त्याचा आशय होता. उलटपक्षी, ऑक्टोबर 2020 मध्ये शाहीनबाग प्रकरणी त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवून धरता येणार नाहीत असे सांगितले. या दोन निर्णयांच्या मध्येच आपला मार्ग आहे.

हिंसा व अडथळा

वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम 2010 पासून आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, 50 हजार रुपयांपर्यंत दंड आणि हानीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. त्यातील संस्थेच्या व्याख्येचा भर रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांवर आहे. केवळ बाह्यरुग्ण चिकित्सालय वा औषधालय चालविणाऱ्या सभासदांनी हे संरक्षण आपणांस आपोआप लागू आहे असे गृहीत धरू नये. त्यांना सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा आधार आहे. उपासनेत बुद्धिपुरस्सर व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 अन्वये गुन्हा आहे.

आपण काय करावे?

प्रथम, आपला परिसर अधिसूचित आहे काय याची महापालिका वा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. मोर्चाची पूर्वसूचना असल्यास पोलीस ठाण्यास पत्र देऊन रुग्णवाहिकेचा मार्ग मोकळा ठेवण्याची व ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची विनंती करावी. संपूर्ण बंदीची मागणी करू नये; ती टिकणे कठीण. प्रत्यक्ष अडथळा झाल्यास वेळ, ठिकाण व स्वरूप यांची नोंद ठेवावी, आणि धोका दिसताच 112 वर कळवावे.

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी. आपल्या मागण्यांसाठी आपणही धरणे धरले आहे, घोषणा दिल्या आहेत. त्या वेळी जवळच्या रुग्णालयात कोण निजले असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. यापुढे संघटनेचा मोर्चा निघेल तेव्हा मार्ग आखतानाच वाटेवरील रुग्णालये व देवालये यांची यादी करावी आणि तेथून ध्वनिक्षेपक बंद ठेवून जावे. हे आपण पाळले, तरच इतरांकडे तशी विनंती करताना आपल्या शब्दास वजन येईल.