क्वार्टर सोडायचंय, घर कुठं घ्यायचं?

बाबा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. म्हणजे क्वार्टर सोडायचं.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी... खाण नाहीतर थर्मल नाहीतर पेपर मिलच्या वसाहतीत वाढलेल्या पोट्ट्यापोट्टींना यापुढचं सांगायला नको. शाळा कॉलनीतली, मैदान कॉलनीचं, गणपती कॉलनीचा. तीस वर्षं राहूनही घर मात्र आपलं नसतं. नोकरी संपली की भिंतीतले खिळे उपटायचे आणि निघायचं.

तर गेले सहा महिने दर रविवारी आमचा एकच कार्यक्रम आहे. बाबांची स्कूटर, मागं मी आणि घर बघणं. शहरातला फ्लॅट बाबांना नको, त्यांना अंगण हवंय. आईला आंब्याचं झाड हवंय. मला फक्त कॉलेजला जायला बस हवी. या तीन अटींत बसतात ती शहराच्या कडेची गावं. पडोली, दाताळा, कोसारा, लोहारा, मूल रोड. तिथं दर दोन किलोमीटरवर एखादं लेआउट पडलेलं दिसतं: मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा, झेंडे आणि मंडपाखाली बसलेला एजंट.

पहिल्याच लेआउटवर एजंट म्हणाला, ‘एनए-टीपी आहे साहेब, डोळे मिटून घ्या.’

बाबा खरंच डोळे मिटायच्या बेतात होते. पीएफचे पैसे हातात येणार म्हटल्यावर माणूस जरा हळवा होतो. मी गट नंबर मागितला. ‘नंतर देतो’ झालं, ‘ऑफिसात या’ झालं, शेवटी मिळाला. समोरच्या टपरीवर तर्री-पोहे येईपर्यंत मी मोबाइलवर पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. पोहे तसेच राहिले. जमीन अजून शेतीच होती आणि वर लिहिलं होतं, ‘भोगवटादार वर्ग-2’.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. वर्ग-1 म्हणजे मालक बहुतेक वेळा मोकळेपणानं विकू शकतो. वर्ग-2 म्हणजे विकण्यावर बंधन आहे, आधी सरकारी परवानगी लागते. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, विदर्भासाठी त्याचा 1958 चा वेगळा कुळकायदाच आहे. बाबांच्या नावावर कुंडीएवढीही शेती नाही. म्हणजे एनए न झालेल्या तुकड्याची इसारचिठ्ठी करून आम्ही नेमकं काय विकत घेणार होतो? एक कागद आणि एजंटचं हसू.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक रकाना डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. मूळ मालक आदिवासी असेल, तर ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. जमीन महसूल संहितेत 1974 साली 36-अ कलम आलं. त्यानुसार विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यांनी आधी राज्य सरकारची मान्यता घ्यायची असते. त्याच सुमारास, हातातून गेलेल्या जमिनी आदिवासींना परत मिळवून देणारा कायदाही झाला. बाबा म्हणाले, ‘पण तो माणूस स्वतःहून विकतोय ना?’ मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग वर्गातल्या एका गोंड मित्राला सहज विचारलं. तो म्हणाला, ‘माझ्या आज्यानंही स्वतःहूनच अंगठा दिला होता. दोन पोती धानावर.’ त्यानंतर आम्ही त्या लेआउटकडे फिरकलो नाही.

दुसरी अडचण म्हणजे झुडपी जंगल. हा शब्द पुण्या-मुंबईच्या मित्रांना समजावून सांगायला जा, हसतात. पण नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत तो महसुली कागदांवर आहे. जुन्या मध्य प्रांताच्या काळात गावाला ढोरं चारायला, सरपण आणायला सोडलेली ही खुरट्या झाडांची जमीन. पुढं तिच्यावर वस्त्या, शाळा, कार्यालयं उभी राहिली. सुमारे 86 हजार हेक्टरचा हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. 22 मे 2025 ला निकाल लागला: झुडपी जंगल म्हणजे वनच. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना सवलतीचा मार्ग आहे, पण तोही केंद्राच्या मंजुरीतून जातो. त्यामुळे सुंदर माळरान, समोर पळस, स्वस्तात प्लॉट असं काही दिसलं की आता बाबाच विचारतात, ‘झुडपी तर नाही ना बापा?’

मग एक घर खरंच आवडलं. इरई नदीपलीकडच्या एका गावात, गावठाणात. कौलारू, मागं विहीर, अंगणात आंबा. मालक नागपूरला मुलाकडे जाणार होते. आईनं मनातल्या मनात तुळशीवृंदावनाची जागाही ठरवली. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे मी सांगितल्यावर तर तिनं घर घेतलंच!

बाबा भिंतीवरचा ताजा चुना न्याहाळत होते. तेवढ्यात शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. ‘घर पायता का जी? या इकडं.’ आपल्या घराच्या भिंतीवर त्यांनी बोट ठेवलं. माझ्या कमरेच्या जरा वर एक मळकट रेघ होती. 2022 च्या जुलैतलं पाणी. पावसाळ्यात वर्धा फुगली की इरईचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं पसरतं, आणि चंद्रपूरचे सखल भाग पाण्याखाली जातात, हे आम्ही दरवर्षी बातम्यांत बघतोच. पण बातमीतलं पाणी आणि कमरेपर्यंतची रेघ यांत फरक असतो.

आजींनी पुढं जे विचारलं त्याला आमच्याकडं पटकन उत्तर नव्हतं. ‘तुमी रायनार, का घेऊन ठेवनार?’ गावात चार घरं अशी होती, ज्यांना फक्त कुलूप होतं. घेतली, भाव वाढेल म्हणून ठेवली. ‘दिवाळीनंतर मंडई असते, रातभर नाटक असते. कुलूप वर्गनी देते का?’ असं म्हणून त्या हसल्या. वडशाच्या कंपनीचं नाटक आणायचं तर पैसा लागतो, आणि तो राहणाऱ्यांकडूनच गोळा होतो.

त्या घराची कागदपत्रं म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. बँकेत गेलो तर साहेबांनी तेच ऐकवलं. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देतात. ते या घराचं अजून निघालेलं नाही. मालक म्हणतात, निघेल. आम्ही म्हणालो, मग बयाणा तेव्हाच.

आता जमिनीच्या खालचं. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर अख्खंच्या अख्खं जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या घरांतल्या लोकांनाही हलवावं लागलं. बाबांची अख्खी नोकरी खाणीत गेली, पण ते दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, ‘आम्ही खालून वर कधी बघितलंच नाही.’

इंग्लंडमधल्या डरहॅम, यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायर या जुन्या कोळसा पट्ट्यांत एखाद्या खेड्यात घर घ्यायचं तर खरेदीदाराचा वकील आधी खाणीचा अहवाल मागवतो. तिथं 1994 च्या कायद्यानं त्यासाठी स्वतंत्र कोल अथॉरिटी उभी राहिली. या घराखाली कोळसा काढलाय का, जवळपास जुना शाफ्ट आहे का, पूर्वी जमीन खचल्याची तक्रार आहे का, हे अहवालात येतं. आपल्या सातबाऱ्यावर असा रकाना नाही. फार तर ‘इतर हक्क’मध्ये 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याची नोंद सापडते, तीही जमीन संपादनात असेल तर. मग आमच्यासारखे लोक काय करतात? जुन्या खाणकामगारांना विचारतात. बाबांच्या मित्रांपैकी दोघांना जुन्या गॅलऱ्या कुठवर गेल्यात हे बोटावर पाठ आहे. ते रिटायर झालेत, दोघंही सत्तरीच्या पुढं आहेत.

मध्ये एकदा मावशीकडं धानोऱ्याला गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्यात स्वस्त मिळेल अशी बाबांची आशा. वाटेत मेंढा-लेखा लागतं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, 2009 साली, सुमारे 1800 हेक्टर जंगलावर. तिथल्या लोकांनी 2013 मध्ये आणखी पुढची गोष्ट केली. 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची आपली आपण, मुलांनाही मिळणार, पण बाहेरच्याला विकायची नाही. म्हणजे लेआउट पडणं शक्यच नाही. मावसभाऊ फुशारकीनं सांगत होता. बाबा शांतपणे म्हणाले, ‘बरोबर आहे त्यांचं. पण सगळ्या गावांनी असं केलं, तर क्वार्टरवाल्यांनी जायचं कुठं?’ गाडीत कुणीच उत्तर दिलं नाही. मला अजून सापडलेलं नाही.

सध्या यादीत दोन घरं उरलीत. एक आजींच्या गावातच, पण चढावर. पुराची रेघ तिथं पोचली नव्हती, आम्ही तीन घरांत विचारून खात्री केली. झाड मात्र चिंचेचं आहे, त्यावर आईशी बोलणी चालू आहेत. दुसरं दुर्गापूरच्या बाजूला. तिकडं फेब्रुवारी 2022 मध्ये थर्मलच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्यानं सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. माझी शेवटची लायब्ररी बस संध्याकाळी सातला सुटते.

आतापर्यंत आम्ही सगळी घरं रविवारी सकाळी अकराला बघितली, चहा पीत, उन्हात. या आठवड्यात दोन्हीकडं रात्री आठला जाणार आहोत. बस कुठं थांबते, खांबावर दिवा लागतो का, त्या वेळी रस्त्यावर कोण असतं, हे बघायला. बाबांनी टॉर्चचे सेल आणलेत.