हंसराज : दमट सावलीचा सोबती

लखनऊच्या इंदिरा नगरातील वसाहतींत मे महिन्याची 'लू' वाहू लागली, की सज्जातील कुंड्यांपैकी सर्वांत आधी मान टाकतो तो हंसराज. नागपूर-अकोल्याकडील वाचकांनाही हा अनुभव नवा नसावा. ही सुकुमार वनस्पती उन्हाळ्यात कशी जगवावी?

हंसराज हा नेच्यांपैकी एक. केसासारखे काळेभोर, तकतकीत देठ आणि त्यांवर पंख्याच्या आकाराच्या कोवळ्या पर्णिका, हे त्याचे रूप. पानावर पाणी शिंपडून पाहा; थेंब ओघळून जातील आणि पान कोरडेच राहील. 'न भिजणारे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याला 'एडिअँटम' हे शास्त्रीय नाव मिळाले.

पान भिजत नसले, तरी ओलाव्यावाचून त्याचा वंश चालत नाही. नेच्याला ना फूल, ना बी. पर्णिकेच्या दुमडलेल्या कडेखाली बीजाणू तयार होतात. ओल्या जागी पडलेल्या बीजाणूपासून हृदयाच्या आकाराचे इवलेसे हिरवे पान उगवते. त्यावरील पुंबीजे पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंड्यापर्यंत पोचतात, तेव्हाच नवे रोप जन्मते. म्हणूनच जुन्या विहिरींच्या चुन्याच्या, झिरपत्या भिंती हंसराजाला मानवतात. विहीर बुजली, की त्याचे घरही मोडते.

१८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी बंद बाटलीतील ओल्या मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. शहराच्या धुरात त्यांचे नेचे जगत नसत. या बाटलीत मात्र एक आपोआप उगवला. आतील वाफ काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधील चहाची रोपे भारतात आली.

हीच युक्ती आपल्या घरीही साधेल. काचेच्या मोठ्या बरणीत तळाशी खडी व थोडा कोळसा घालावा. त्यावर माती, वाळू आणि पानांचे कुजलेले खत यांचे मिश्रण पसरावे. पाणी बेताचेच द्यावे. बरणी उजेडात असावी, पण उन्हात कदापि नको. कुंडीच हवी असेल, तर ती पाणी घातलेल्या खड्यांच्या ताटलीवर ठेवावी. मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडू देऊ नये. पाने वाळली तरी रोप फेकण्याची घाई करू नका. वाळकी पाने कापून माती ओलसर ठेवा. खोड जिवंत असेल, तर नवे कोंभ फुटतील.

महाबळेश्वरास किंवा कोकणात गेलात, तर दरडीवरील हंसराज उपटून आणू नका. रोपवाटिकेतील रोप आपल्या घरी अधिक सहज रुजेल, आणि दरडीवरचा हंसराज आपल्या ठिकाणी सुखाने वाढेल.