सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर टिकत का नाहीत?

दुखरा दात घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी मिळतात: गोळ्या, नाहीतर दात काढून टाकणं. दात भरायचा किंवा रूट कॅनाल करायचं असेल तर "जिल्ह्याला जा" असं सांगतात. जिल्ह्याला जाणं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. म्हणून लोक गोळीवर दिवस ढकलतात.

मग देशात दंतवैद्य कमी आहेत का? अजिबात नाही. देशात ३०० हून जास्त डेंटल कॉलेजं आहेत आणि नोंदणी झालेले दंतवैद्य अडीच लाखांच्या वर. पण ही कॉलेजं बहुतांश खासगी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशी सरकारी कॉलेजं मोजकीच. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. खासगीत त्याचा खर्च लाखांत जातो, आणि कर्ज फेडायचं म्हटलं की मुलं शहराकडेच वळतात. तिथे एका रस्त्यावर चार क्लिनिकं, आणि तालुक्यात खुर्ची रिकामी!

प्राथमिक आरोग्य केंद्रात तर सर्वसाधारणपणे दंतवैद्याचं पदच नसतं. त्याच्या वर, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून (सुरुवात २०१४) डॉक्टर, सहाय्यक आणि साहित्य यांसाठी पैसा मिळतो. पण ही भरती कंत्राटी असते. करार संपला की पुन्हा सही, पुन्हा वाट बघणं. दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम पदांवर घ्यायचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. अशा नोकरीच्या भरवशावर कोण तालुक्यात घर घेईल, मुलांना तिथल्या शाळेत घालेल?

पण सगळा दोष पगाराला देणं आम्हाला पटत नाही. फिजिशियन स्टेथोस्कोपवर बरंच काम भागवू शकतो. दंतवैद्याला खुर्ची, कॉम्प्रेसर, वीज, वाहतं पाणी, निर्जंतुक केलेली हत्यारं आणि भरायचं सिमेंट लागतं. यातली एक गोष्ट बंद पडली की पाच वर्षं शिकलेला माणूस फक्त दात उपटत बसतो. खुर्ची दुरुस्त व्हायला महिने लागले तर हात विसरतो आणि मन उडतं. मग त्याला शिबिरांना पाठवतात, रजिस्टरं भरायला बसवतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सरकारी कामाची मोजदाद ओपीडीच्या आकड्यावर होते. ताप-खोकल्याचे पन्नास पेशंट एका सकाळी बघून होतात. एक रूट कॅनाल मात्र दोन-तीन बैठका घेतं. म्हणजे ज्याने दात वाचवला त्याचा आकडा लहान, ज्याने उपटले त्याचा मोठा. चांगलं काम करणाऱ्यालाच कागदावर कमी काम दिसतं, ही अजब बात आहे.

याची किंमत आम्हा शिक्षकांना वर्गात दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तोंड उघडून बघतं, दात किडल्याची चिठ्ठी देतं. चिठ्ठी घेऊन जायचं कुठे? सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली दाढ कायमची असते. अनेक अम्मी-अब्बांना ती दुधाचीच वाटते. वेळेवर न भरल्याने ती काढावी लागली की तिच्या जागी दुसरी येत नाही. मोठ्यांचं आणखी गंभीर. मिश्री, तंबाखू, सुपारीने तोंड कमी उघडायला लागतं, ते सर्वात आधी दंतवैद्याच्या लक्षात येऊ शकतं. खुर्ची रिकामी असेल तर तोच आजार पुढे कॅन्सर होऊन सापडू शकतो.

उपाय फार अवघड नाहीत. खुर्चीच्या दुरुस्तीचा वार्षिक करार आणि साहित्याचा नियमित पुरवठा आधी व्हावा, भरती त्यानंतर. त्याच जिल्ह्यातल्या उमेदवाराला पसंती द्यावी, कारण घर जवळ असलेला माणूस टिकतो. ग्रामीण सेवेला एमडीएसच्या प्रवेशात वजन मिळावं, आणि मोजणी वाचवलेल्या दातांचीही व्हावी.

आपल्या घरांत एमबीबीएसचा नंबर हुकला की मुलींना बीडीएसला घालायचा विचार होतो. जरूर घाला. पण फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता आणि तिथल्या ओपीडीत रोज खरेच पेशंट येतात का हे स्वतः जाऊन बघा. केवळ सरकारी नोकरी मिळेल या हिशोबाने कर्ज काढू नका, कायमची पदं फार थोडी आहेत.

आणि तालुक्याच्या दवाखान्याबद्दल विचारायचं असेल तर रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना गाठा. दंतवैद्याचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, खुर्ची कधीपासून बंद आहे, हे तीन सवाल पुरेत. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याची फी १० रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील कार्ड जोडलं तर तीही लागत नाही.