संगणकाच्या खातेवहीत रकान्यांचा क्रम

आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधवांच्या पेढीवर आता खातेवहीच्या जागी संगणक आला आहे. पार्टी समोर बसून जुन्या बिलांचा हिशेब मागते आणि पडद्यावर काहीच येत नाही, हा अनुभव अनेकांचा असेल. आमचाही होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितले, "टेबलातील रकान्यांचा क्रम चुकला आहे, सर्व नव्याने बांधावे लागेल." खर्चही भारी सांगितला. आम्ही जाणकारांना विचारले तेव्हा कळले की ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

क्रम दोन ठिकाणी असतो. पहिला मूळ टेबलात. तेथे बिल नंबर आधी की तारीख आधी, याने शोधाच्या वेगात सहसा जाणवेल असा फरक पडत नाही. पोस्टग्रेसमध्ये 2 बाइटच्या रकान्यामागे 8 बाइटचा ठेवला तर मध्ये 6 बाइटपर्यंत जागा वाया जाऊ शकते, इतकेच. त्यासाठी सारे मोडून बांधण्याची गरज नसते.

दुसरा क्रम इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या सूचीत. खरा फरक येथे पडतो. पूर्वी आमच्या पेढीवर प्रत्येक पार्टीच्या बिलांचा वेगळा गठ्ठा असे आणि आत बिले तारखेप्रमाणे लावलेली असत. एका पार्टीची एप्रिल ते जूनची बिले लगेच हाती येत. मात्र जूनची एकूण विक्री काढायची तर प्रत्येक गठ्ठा सोडावा लागे.

'पार्टी, तारीख' या क्रमाचा इंडेक्स असाच चालतो. उलट 'तारीख, पार्टी' असा क्रम ठेवला, तर एका पार्टीसाठी त्या तीन महिन्यांतील सर्व पार्ट्यांच्या नोंदी चाळाव्या लागतात. आमच्याकडे नेमके हेच होत होते.

म्हणून साधा नियम असा: ज्या रकान्याची किंमत नेमकी ठाऊक असते, तो आधी, ज्यात 'अमुकपासून तमुकपर्यंत' येते, तो नंतर. ओरॅकल आणि 2025 मध्ये आलेले पोस्टग्रेस 18 पहिला रकाना न देताही कधी कधी इंडेक्स वापरू शकतात. पण पार्ट्या हजारोंनी असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. महिन्याचा हिशेब वारंवार लागत असेल तर तारखेचा दुसरा इंडेक्स करावा. मात्र प्रत्येक नव्या बिलागणिक सर्व इंडेक्समध्ये नोंद करावी लागते, म्हणून उगाच ढीग करू नये.

आम्ही टेबलाला हात लावला नाही. फक्त नवा इंडेक्स करून घेतला. आता पार्टीचा चहा येण्याआधी तिचा हिशेब पडद्यावर असतो. बांधवांना सल्ला एवढाच की, पैसे मोजण्यापूर्वी कारागिराला 'एक्स्प्लेन' हा हुकूम चालवून दाखवायला सांगावे. शोध इंडेक्समधून होतो की सारे टेबल चाळले जाते, हे त्यातून कळते. कापड पारखून घेणाऱ्याने कामही पारखूनच घ्यावे.